रणभूमीजवळचे एक घर

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांतील मुले सैन्यात आहेत. त्यांची आठवण निघाली म्हणजे आपण त्यांच्या जेवणाखाणाची, पगाराची, रजेची चौकशी करतो. त्यांच्या मनाची चौकशी मात्र क्वचितच करतो. मृत्यू रोज उशाशी बसलेला असता मनुष्य कशाच्या बळावर धीर धरतो आणि आपले माणूसपण टिकवितो? ह्या प्रश्नाचे एक उत्तर पहिल्या महायुद्धातील ख्रिस्ती सैनिकांच्या इतिहासात सापडते. धर्म निराळा असला तरी आर्त अंतःकरण सर्वत्र सारखेच असते. म्हणून तो इतिहास आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

बेल्जम देशात ईप्र नावाचे शहर आहे. १९१४ ते १९१८ ह्या काळात ह्या शहराभोवती चार वर्षे घनघोर युद्ध झाले. ज्यांना थडगेही लाभले नाही अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे तेथील मेनिन दरवाजावर कोरलेली आहेत. त्यांत हिंदी सैनिकांचीही नावे आहेत, कारण आपले जवानही त्या चिखलात लढले व पडले.

ईप्रपासून सुमारे बारा किलोमीटरांवर पॉपरिंगे हे लहानसे गाव आहे. आघाडीवर जाणारे आणि आघाडीवरून परतणारे इंग्रज सैनिक ह्याच गावातून जात. खंदकातून जिवंत परतलेल्या तरुणाला तेथे मद्य मिळे, करमणूकही मिळे. परंतु घरासारखी जागा मिळत नसे. ही उणीव नेव्हिल टॅलबॉट व फिलिप क्लेटन ह्या दोघा लष्करी धर्मोपदेशकांनी ओळखली. त्यांनी एका व्यापाऱ्याचे घर भाड्याने घेऊन ११ डिसेंबर १९१५ रोजी ते सैनिकांसाठी खुले केले. नेव्हिलचा धाकटा भाऊ गिल्बर्ट त्याच वर्षी जुलै महिन्यात, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ईप्रजवळ मारला गेला होता. त्याच्या स्मरणार्थ घराला टॅलबॉट हाऊस हे नाव मिळाले. भावाच्या मृत्यूचे दुःख उराशी घेऊन न बसता त्या दुःखातून परक्यांच्या मुलांसाठी निवारा उभारावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ह्या घराचे वैशिष्ट्य असे की, तेथे हुद्द्याला किंमत नव्हती. जो आत येईल त्याने आपला दर्जा बाहेर ठेवावा, अशा अर्थाची पाटीच क्लेटनच्या खोलीच्या दारावर लावलेली होती. सेनापती आणि साधा शिपाई एकाच ठिकाणी बसून चहा घेत. ग्रंथालयातून पुस्तक न्यावयाचे तर सैनिकाने आपली टोपी तारण ठेवावी. कारण टोपीवाचून त्याला बाहेर हिंडता येत नसे आणि पुस्तक आपोआप परत येई. भिंतीवर एक फलक असे. ताटातूट झालेले मित्र आणि भाऊ एकमेकांचा शोध घेण्यासाठी त्यावर चिठ्ठ्या लावीत. काही चिठ्ठ्यांना उत्तर मिळे, काहींना कधीच मिळत नसे.

घराच्या अगदी वरच्या माळ्यावर प्रार्थनास्थान होते. बागेतील छपरात एक जुना सुताराचा बाक सापडला, तोच त्यांनी वेदी म्हणून तेथे ठेवला. येशू हा स्वतः सुताराच्या घरी वाढला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बाकाचे औचित्य कळते. उभा जिना चढून तरुण शिपाई तेथे येत, गुडघे टेकीत आणि दुसऱ्या दिवशी आघाडीवर निघून जात. अनेकांची ती अखेरचीच प्रार्थना ठरली.

येथे कोणी विचारील, ह्या प्रार्थनेने त्यांना मिळाले काय? गोळी चुकली काय? नाही. ईश्वराचे नाव घेतले म्हणजे गोळी चुकते असे जो सांगतो तो सैनिकाला फसवितो, आणि पहिला तोफगोळा पडताच ती श्रद्धा कोसळते. ह्या सैनिकांना गवसलेली आशा निराळी होती. ज्याची आपण उपासना करतो त्या प्रभूनेही वेदना भोगली, मित्रांनी टाकून दिल्याचे दुःख सोसले आणि तरीही मारणाऱ्यांना क्षमा केली. म्हणून आपल्या वेदनेत आपण एकटे नाही, ही ती जाणीव होती. जगण्याची हमी तिने दिली नाही, परंतु द्वेषाने पशू होण्यापासून तिने कित्येकांना वाचविले. आत्मिक पुनरुज्जीवन म्हणतात ते हेच, असे मला वाटते.

शिक्षकाच्या पेशात आयुष्य गेल्यामुळे थिओडोर हार्डी ह्या गृहस्थाविषयी मला विशेष आदर वाटतो. हे पूर्वी शाळेचे मुख्याध्यापक होते व पुढे खेड्यातील पाद्री झाले. वयामुळे सैन्याने त्यांना प्रथम नाकारले; अखेर १९१६ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांना प्रवेश मिळाला. स्टडर्ट केनेडी ह्या अनुभवी धर्मोपदेशकाने त्यांना सांगितले होते की, सैनिक जेथे राहतील तेथे राहा, ते जेथे जातील तेथे जा. हार्डी अक्षरशः तसेच वागले. १९१७ च्या शरदात चिखलात रुतलेल्या एका सैनिकाला बाहेर काढता येईना, तेव्हा त्याचे प्राण जाईपर्यंत ते गोळीबारात त्याच्याजवळ बसून राहिले. त्या वेळी त्यांचे स्वतःचे मनगट मोडलेले होते. १९१८ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बादशहांनी त्यांना आपल्या खास धर्मोपदेशकांत नेमले, त्यांनी मायदेशी परतावे अशीही इच्छा होती. पण ते आपल्या मुलांना सोडून गेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये ते जखमी झाले व १८ तारखेस निवर्तले. युद्ध थांबावयास तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. दोन्ही बाजूंचे धर्मगुरू एकाच देवापाशी विजय मागत होते, आणि ते पाहून कित्येक तरुणांची श्रद्धा कायमची उडाली. धर्म जेथे तोफेचा जयजयकार करू लागला तेथे तो निस्तेज झाला. जेथे तो मरणाऱ्याच्या उशाशी बसला तेथेच तो उजळला.

युद्धानंतर त्या घराच्या आठवणीतून टॉक एच ही सेवासंस्था निघाली. १९२९ साली ते घर खरेदी करून जतन करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव व्यापले, तेव्हा गावकऱ्यांनी घरातील वस्तू आपापल्या घरी लपविल्या आणि १९४४ मध्ये मुक्तता होताच परत आणून दिल्या. क्लेटन १९७२ साली वारले. ते घर आजही उभे आहे आणि येणाऱ्याचे स्वागत करते.

बंधुभगिनींनो, आपल्या सैन्यातही पलटणीबरोबर धर्मशिक्षक असतात, आणि अनेक ठिकाणी सर्व धर्मांची उपासना एकाच छताखाली चालते. परंतु रजेवर आलेला किंवा निवृत्त होऊन परतलेला जवान आपल्या स्वाधीन असतो. त्याचे सत्कार आपण पुष्कळ करतो. हार घालतो, छायाचित्र काढतो आणि घरी जातो. त्याच्याजवळ स्वस्थ बसणारा मात्र कोणी नसतो. आपल्या कार्यालयातील एक खोली अशा जवानांसाठी राखून ठेवावी, तेथे चार पुस्तके असावीत, चहा असावा आणि उपदेश न करता ऐकून घेणारे एखादे वडीलधारे माणूस असावे, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक विनंती थोडी कठीण आहे. ती खोली केवळ आपल्या ज्ञातीच्या जवानासाठी नसावी. पंढरीच्या वाळवंटात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तेथे कोणी कोणाची जात विचारीत नाही. खंदकातही शेजारी उभा असलेला जवान कोणत्या ज्ञातीचा, हे गोळी विचारीत नाही. मग आपल्या दाराने ते का विचारावे? इंग्रज सेनापतीला आपला हुद्दा दाराबाहेर ठेवता आला, तर आपणांसही आपली ज्ञाती क्षणभर उंबऱ्याबाहेर ठेवता आली पाहिजे. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून मी हे बोलत आहे ह्याचे मला पूर्ण भान आहे. आणि आपल्या संस्थेचा मोठेपणा ह्यातच आहे अशी माझी श्रद्धा आहे.