खंडित नेमाचा संकल्प



दसरा उलटला आणि नाशिकच्या हवेत गारवा उतरला, की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर पहाटेची वर्दळ वाढू लागते. जुने नाशिककर या मैदानाला अजूनही गोल्फ क्लबच म्हणतात. पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर, गोदाकाठी, गंगापूर रस्त्याच्या कडेने कानटोप्या घातलेली माणसे दिसू लागतात. नवे बूट येतात, नवे निश्चय होतात. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत त्यांतले किती उरतात, हे तेथील नित्याच्या मंडळींना विचारावे.

परंतु जे गळाले, त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. त्यांत व्यायामाचे महत्त्व न कळलेली माणसे फार थोडी असतात. पुष्कळांनी तरुणपणी जोर-बैठका काढलेल्या असतात, मल्लखांबावर अंग घासलेले असते. पुढे नोकरी, मुलांच्या शाळा, आई-वडिलांची आजारपणे यांत नेम तुटतो. गृहिणीचा तर पहिल्या बाळंतपणातच तुटतो आणि तो तुटला, हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने व्यायामशाळांना कुलपे लागली. महाराष्ट्रात ती त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडली. पुढच्या लाटेत पुन्हा लागली, पुन्हा उघडली. त्या काळात घरी बसलेले कितीतरी जण मात्र परत गेलेच नाहीत.

त्यांना अडवते कोण? आळस, असे उत्तर चटकन दिले जाते. वास्तविक आळसापेक्षा लाजेचा वाटा मोठा असतो. जो कधी शंभर नमस्कार घालीत असे, त्याला बारांनंतर धाप लागली, की स्वतःचीच शरम वाटते. शंभर जमत नाहीत म्हणून तो बाराही सोडून देतो. नाशिकजवळच्या टाकळीला नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपाचरण केले आणि ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. टाकळीला जाणारा भाविक हा आकडा ऐकून हात जोडतो आणि घरी येतो. बाराशेच्या आकड्याने आदर उत्पन्न होतो, पण उद्या सकाळी सतरंजी अंथरण्याचे बळ त्यातून येतेच असे नाही. बाराशेपर्यंत पोचणारालाही कोठल्या तरी दिवशी पहिला नमस्कार घालावाच लागला असेल.

मोठा खंड पडल्यावर शरीरात काय घडते, हे नीट समजून घेतले तर ही लाज बरीच कमी होते. व्यायाम थांबल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच दमसास उतरू लागतो. स्नायूंचे बळ त्यापेक्षा सावकाश जाते. म्हणजे परतणाराला जी धाप लागते, ती त्याच्या नालायकीची खूण नसून शरीराचा साधा व्यवहार आहे. याची दुसरी बाजूही आहे. नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली उंदरांवरील प्रयोगातून दाखविले, की ताण देऊन वाढविलेल्या स्नायुतंतूंमध्ये नवी पेशीकेंद्रके तयार होतात आणि स्नायू पुन्हा रोडावले तरी ती केंद्रके तीन महिन्यांनंतरही टिकून राहतात. माणसाच्या बाबतीत हे कितपत लागू पडते, यावर अभ्यासकांत अद्याप चर्चा आहे. तथापि जुन्या तालमीतल्या माणसाचे अंग नवख्यापेक्षा लवकर वळणावर येते, हा आखाड्यातला अनुभव जुनाच आहे.

घात होतो तो बहुधा तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी जुन्या आठवणीने अंगाबाहेर व्यायाम केला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि दंड असे ठणकतात, की जिना उतरणे नकोसे होते. मग ‘आता आपले वय झाले’ असा निकाल माणूस स्वतःच देऊन मोकळा होतो. वयाचा हा निकाल घाईचा आहे. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून ज्यांचे नाव देशाबाहेर गेले, ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले. आधी त्यांनी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला आणि सूर्यनमस्कारांकडे ते वळले, ते चाळिशीच्या सुमारास. ज्याने आपण ओळखले जाणार आहोत, तो व्यायाम त्यांनी आजच्या हिशेबाने ‘उशिरा’च धरला.

मग प्रेरणा आणायची कोठून? येथे आपल्या नित्याच्या पूजेतली एक गोष्ट आठवावी. कोणत्याही कर्माच्या आरंभी गुरुजी हातावर पाणी सोडायला लावून संकल्प सांगतात. त्यात यजमानाच्या मनात उत्साह आहे की नाही, याची चौकशी नसते. गोदावरीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या शकात, कोणत्या मासी, कोणत्या तिथीस आणि वारी हे कर्म होत आहे, याचा तपशीलवार उच्चार असतो. आणि त्याला एक शब्द जोडलेला असतो : यथाशक्ती. आपल्या पूर्वजांनी संकल्पाला स्थळ-काळाच्या दाव्याने बांधून ठेवले, ही लहान गोष्ट नव्हे.

ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासंदर्भात बोलका आहे. विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला काहीच विशेष सांगितले नाही. दुसऱ्याला व्यायामाचे हृदयाला होणारे लाभ समजावून दिले. तिसऱ्याला तेच समजावून, शिवाय येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे व्यायाम करणार, हे लिहून काढायला लावले. पहिल्या गटातील ३८ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला, दुसऱ्यातील ३५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यातील ९१ टक्क्यांनी. म्हणजे नुसत्या उपदेशाचा उपयोग शून्य! व्यायामावर व्याख्याने देणाऱ्यांनी ही आकडेवारी अवश्य समोर ठेवावी.

नाशिकचे लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली. आदल्या वर्षीच्या प्रयत्नात ती त्यांना अर्ध्यावर सोडावी लागली होती. अशी उदाहरणे ऐकून रक्त सळसळते, ते योग्यच आहे. पण त्यांच्यापासून घ्यायचे ते अंतर नव्हे, तर अर्धवट राहिलेल्या ठिकाणी पुन्हा जाऊन उभे राहणे.

सामान्य संसारी माणसाचा संकल्प असा असू शकेल : आपल्याच घराच्या गच्चीत, सहा वाजता, चहाच्या आधी, सहा नमस्कार. पहिले दोन आठवडे, अंगात जोर वाटला तरी, सातवा घालायचा नाही. चालणाराने सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने चालावे. चाळिशी उलटलेल्याने, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असणाराने, आधी वैद्याला दाखवून घ्यावे आणि छातीत दाटून आले तर तेथेच थांबावे.

आणि एखादा दिवस चुकलाच तर? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस बुडाल्याने सवय लागण्यात लक्षणीय बाधा आली नाही. तेव्हा घरातल्यांनी एवढे करावे : ज्या दिवशी कोणाचा नेम चुकेल, त्या दिवशी टोमणा मारू नये. गृहिणीचा नेम असेल, तर सहा ते सव्वासहा तिला चहा मागू नये आणि दूध घ्यायला दारात दुसऱ्या कोणीतरी जावे.