थंड हात आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरीही आज एका वैद्यकीय तपासणीबद्दल बोलणार आहे. तिच्या एका रिपोर्टवर विसंबून आम्ही आठ महिने गमावले.

अम्मीच्या पापण्या संध्याकाळी खाली यायच्या. सकाळी ठीक असायची, पण रात्री जेवताना घास चावून चावून जबडा दमायचा. नातेवाईक म्हणायचे, वय झालं, टेन्शन घेते. डॉक्टरांना मायस्थेनिया ग्रॅव्हिसची शंका आली. त्यांनी नर्व्ह स्टिम्युलेशनची तपासणी लिहून दिली.

या तपासणीत नसेला सेकंदाला दोन-तीन या गतीने विजेचे सौम्य झटके देतात आणि स्नायूचा प्रतिसाद पडद्यावर मोजतात. नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, त्याने स्नायू हलतो. सुरुवातीच्या प्रत्येक झटक्याला ते थोडं कमी सुटतं. निरोगी माणसात ते गरजेपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून लाटांची उंची तेवढीच राहते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूवरच्या ग्राहकांवर हल्ला करते. ती शिल्लक संपते आणि लाटा उतरत जातात. पहिल्यापेक्षा चौथी लाट 10 टक्क्यांहून जास्त उतरली, तर दोष धरतात.

पहिल्या ठिकाणी एसीमुळे अम्मीचे हात गार पडले होते. फक्त हाताचा एक स्नायू तपासला. रिपोर्ट आला : नॉर्मल. मी तिला म्हणालो, “अम्मी, मशीन खोटं बोलत नाही. तू उगाच घाबरतेस.” ती गप्प झाली.

थंडीत नस आणि स्नायू यांच्या जोडावरचं काम सुधारतं, त्यामुळे दोष लपतो, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या ठिकाणच्या टेक्निशियन ताईंनी आधी हात शेकून गरम केला, तापमान मोजलं, हात हलू नये म्हणून पट्टीने बांधला. मग चेहऱ्याचा स्नायूही तपासला. तिथे लाट 22 टक्के उतरली. त्यांनी थांबून पुन्हा तपासलं. आकडा जवळपास तोच आला.

आमच्या कामात टेस्ट पास झाली, तर जेवढं तपासलं तेवढंच ठीक आहे, एवढाच तिचा अर्थ असतो. हे मी रोज ज्युनिअर्सना सांगतो. घरी मात्र विसरलो.

म्हणून घरात अशी तपासणी झाली, तर विचारा : कोणते स्नायू तपासले? हात गरम होता का? पायरिडोस्टिग्मिनची गोळी चालू असेल, तर तपासणीआधी किती तास थांबवायची? ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांनाच विचारा. नीट केलेली तपासणीही नॉर्मल येऊ शकते, विशेषतः त्रास फक्त डोळ्यांत असेल तर. मग अँटिबॉडीची रक्ततपासणी आणि सिंगल फायबर ईएमजी हे मार्ग असतात. आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर रिपोर्टची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

अम्मी आता औषधांवर बरी आहे. त्या आठ महिन्यांबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.