बेने इस्रायल आणि मराठीचे थकलेले देणे

(बेज्जूर येथील मराठी साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

अलिबाग, पेण, रोहे, पनवेल, मुरुड या पट्ट्यात शेकडो वर्षे मराठी बोलत राहिलेल्या ज्यू समाजाला बेने इस्रायल म्हणतात. रोमनांनी इ.स. ७० मध्ये जमीनदोस्त केलेले यरुशलेमचे मंदिर, १४९२ ची स्पेनमधली हकालपट्टी, हिटलरने केलेली कत्तल हे ज्यूंच्या इतिहासातले टप्पे मराठी वाचकाला ऐकून तरी ठाऊक असतात. त्याच इतिहासाचा जो भाग मराठीत घडला, तो मात्र त्याला कोणी सांगितलेला नसतो. ज्यू म्हणजे परमुलखातली गोष्ट, हा समज त्यातून पक्का झाला. तो साफ चुकीचा आहे, आणि त्याची जबाबदारी मराठी वाङ्मयव्यवहारावर येते.

या समाजाची परंपरागत कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यालगत पुरली गेली. नवगावच्या त्या दफनभूमीत आज स्मारक उभे आहे. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हे आगमन इ.स.पू. १७५ च्या सुमाराचे मानले. इतर अभ्यासक ते बरेच अलीकडे आणतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस मैमोनिदीझ या ज्यू तत्त्ववेत्त्याने एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला: त्यांना धर्मग्रंथ माहीत नाहीत, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, आणि सुंता एवढेच ते पाळतात. तो उल्लेख यांचाच, असे काहींचे मत आहे. १७३८ मधल्या एका डॅनिश मिशनऱ्याच्या पत्रात मात्र त्यांचा निर्देश नक्की सापडतो. हे लोक म्हणजे धर्म बदललेले स्थानिकच, असे एक बाजू म्हणत आली. रक्त अगदी शुद्ध, असा दुसऱ्या बाजूचा आग्रह. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा आढळला. दोन्ही बाजूंचा हट्ट तिथेच संपायला हवा होता.

कोकणात या समाजाने तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले शनवार तेली. ज्या गावी वस्ती, त्या गावावरून आडनाव पडले: केहिमकर, नवगावकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, राजपूरकर, झिराडकर, चेऊलकर. गळ्यात मंगळसूत्र आले, लग्नाआधी मेंदी आली, गोमांस वर्ज्य झाले. या सगळ्याला सहिष्णुतेचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवण्याची हौस मोठी आहे. ती थोडी आवरावी. गावगाड्याने त्यांना जागा दिली ती जातीच्या उतरंडीत, तेल्याच्या पायरीवर दिली. त्या उतरंडीचा वाण समाजालाही लागला: गोरे आणि काळे इस्रायल असे तट पडले, आणि गोऱ्यांनी काळ्यांशी रोटीबेटी व्यवहार टाळला. छळ झाला नाही हे खरे. समतेने वागवले हे त्यावरून सिद्ध होत नाही.

धर्मग्रंथ हाताशी नसताना या समाजाने ज्यूंचा इतिहास सणावारांत सांभाळला, आणि त्या सणांना नावे मराठी दिली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा उपवास, घराची दारे लावून पाळायचा, तो दारफळणीचा सण. यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस ज्या दिवशी झाला असे ज्यू जग मानते, त्या दिवसाचा उपवास कोकणात बिरड्याचा रोजा झाला, कारण त्या वेळी ताटात मोड आलेल्या वालाचे बिरडे असे. जगभरचे ज्यू त्या दिवशी विलापगीते वाचत. पेण-अलिबागकडे तोच शोक केळीच्या पानावरच्या भात-बिरड्याने लक्षात ठेवला गेला. नवस बोलायचा तो एलियाहू हन्नबी या प्रेषिताला. तो फेडताना पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करायचा. एलियाहूच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर उमटली, अशी श्रद्धा आहे.

याच किनाऱ्याच्या दक्षिणेला, गोव्यात, भारतातल्या ज्यूंच्या इतिहासातले सर्वांत काळे पान लिहिले गेले. गार्सिया द ऑर्टा या वैद्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालने १४९७ मध्ये अशांचे सक्तीने धर्मांतर केले. गार्सिया १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, आणि हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तोपर्यंत गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. ते १५६० मध्ये सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद पडले. गार्सिया १५६८ मध्ये वारला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून जाळली. हेच न्यायालय गोव्याच्या हिंदूंच्याही मागे लागले होते. भारताच्या भूमीवर ज्यूंना कधीच त्रास झाला नाही, हे वाक्य भाषणांत टाळ्या घेते. गोव्याचा इतिहास वाचलेल्याने ते म्हणू नये. फार तर एतद्देशीय सत्तांपुरते म्हणावे.

बेने इस्रायलांना धर्माची पुन्हा ओळख करून देणारा म्हणून डेव्हिड राहाबी याचे नाव परंपरा घेते. त्याने निवडलेल्या घराण्यांकडे काजीपण आले. लग्ने लावणे आणि तंटे मिटवणे ही कामे ते करत. अठराव्या शतकात समाज मुंबईकडे सरकू लागला. कंपनीच्या फौजेतला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, टिपूच्या कैदेतून सुटला, आणि त्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्याने १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले, असे सांगतात. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले, रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट नाव पडले. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे येथे सिनेगॉग उभी राहिली. अलिबागची इस्रायल आळी आजही त्याच नावाने आहे. पुण्याचे लाल देऊळ १८६७ चे. ते सिनेगॉग डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या पैशातून झाले.

ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या बगदादी मंडळींनी १८३६ मध्ये दफनभूमीत बेने इस्रायलांच्या आणि आपल्या कबरींमध्ये भिंत घालून मागितली. मराठी बोलणारा, रंगाने सावळा ज्यू त्यांना पुरेसा ज्यू वाटला नाही.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मराठी शाळांत या समाजाची मुले शिकली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांना धर्मांतर हवे होते. समाजाने व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. यानंतर जे घडले ते मराठी मुद्रणाच्या इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवे होते. मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेची कथा वल्हांडणाच्या रात्री ज्या पोथीतून वाचतात, ती हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेली मराठी हगादा सचित्र आहे. तिच्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकरी लाटताना आणि भाजताना दिसतात. युरोपातल्या हगादांत अशी दृश्ये तिथल्या पेहरावात येतात. पुण्याच्या चित्रकाराने मिसरमधून सुटलेल्यांच्या लेकीसुना मराठी घरातल्या दाखवल्या. जगातल्या मोठ्या ग्रंथसंग्रहांत या प्रती जपल्या जातात. मराठी वाचकाने मात्र ते चित्र सहसा पाहिलेलेही नसते.

जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी कीर्तन हाती घेतले. योसेफ, मोशे, अब्राहाम यांची आख्याने मराठी पदांत, पूर्वरंग-उत्तररंगाच्या वळणाने समाजापुढे गाइली जाऊ लागली. नारदाच्या गादीवर तोराह या ज्यू धर्मग्रंथाची कथा, याहून मोठा सांस्कृतिक संगम दाखवायला महाराष्ट्राकडे फार थोडा ऐवज आहे. केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून ठेवला. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, आणि तोही तेल अवीवला. मराठी आडनावाच्या माणसाने मराठी बोलणाऱ्यांचा लिहिलेला इतिहास प्रकाशात आणायला मराठी मुलखातून कोणी पुढे आले नाही.

विसाव्या शतकात हा समाज सार्वजनिक जीवनाच्या मधोमध होता. १९१६ च्या खटल्यात टिळकांच्या बचावाला जीनांबरोबर बॅरिस्टर डेव्हिड एरुळकर होते. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची कथा जोसेफ डेव्हिड पेणकरांच्या नाटकावरची, आणि पडद्यावरचे प्रेमळ डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या ज्यू डॉक्टरांना येथे व्यवसाय करता यावा म्हणून डॉ. अब्राहम एरुळकर झटले. त्याच लाटेत मुंबईला आलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आकाशवाणीची सकाळची धून आहे. ती बेज्जूरच्या रेडिओवरही वाजली.

इस्रायल १९४८ मध्ये स्थापन झाले आणि कोकणातली घरे रिकामी होऊ लागली. त्या काळी भारतात वीसेक हजार बेने इस्रायल होते. आज भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास आहेत. इस्रायलमध्ये गेलेल्यांचे स्वागत गोड नव्हते. भेदभावाच्या तक्रारीवरून १९५१-५२ मध्ये काहींनी सत्याग्रह केला आणि ते भारतात परतले. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने विवाहाआधी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. समाजाने यरुशलेममध्ये ठाण मांडले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. आदेश मागे घ्यावा लागला. ज्यांना इथे तेली ठरवले गेले, मुंबईत बगदाद्यांनी कमअस्सल मानले, त्यांना स्वतःच्या देशातही पुरावा द्यावा लागला. तिन्ही ठिकाणी ते चिवटपणे उभे राहिले. आजच्या राजकारणात इस्रायलच्या नावाने टाळ्या किंवा शिव्या मिळवणाऱ्या दोन्ही गटांना या मराठी माणसांचा हा लढा ठाऊक नसतो.

अश्दोद, दिमोना, लोद, रामले येथे गेलेल्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ हे त्यांचे मराठी नियतकालिक तिथे निघत आले. महाराष्ट्रातल्या साहित्याने त्यांची किती दखल घेतली, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. बेने इस्रायलांच्या स्थलांतराच्या घालमेलीवर मीरा महादेवन यांनी ‘अपना घर’ ही कादंबरी लिहिली, ती हिंदीत. एस्तर डेव्हिड यांच्या कादंबऱ्या इंग्रजीत. निसिम इझिकेल इंग्रजीतले थोर कवी झाले, तरी त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. त्या वाटेने मराठीकडून उलट किती आले? लेखक भाषा बदलतो तेव्हा त्याला दोष देणे सोपे असते. ज्या भाषेत आपला वाचक आहे असे त्याला वाटत नाही, त्या भाषेचाही त्यात वाटा असतो.

हे बेज्जूरला बोलणे अप्रस्तुत नाही. बेज्जूर ज्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, तो १९५६ पर्यंत मराठवाड्यासह हैदराबाद राज्यात होता. भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, उरलेला जिल्हा आंध्रात आणि २०१४ पासून तेलंगणात राहिला. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोली आणि अलीकडे मराठी बोलणारी घरे. राज्याबाहेरच्या मराठीला दुय्यम समजण्याची पुण्या-मुंबईची सवय इथल्या माणसाला नवी नाही. ज्याला ती सवय बोचते, त्याने बेने इस्रायलांना परके समजू नये.

मागण्या नेमक्या आहेत. १८४६ आणि १८७४ च्या मराठी हगादा मूळ चित्रांसह पुन्हा छापाव्यात. राजपूरकरांची भाषांतरे आणि अष्टमकरांची कीर्तने संपादित होऊन वाङ्मयेतिहासात यावीत. केहिमकरांच्या ग्रंथाची सटीप मराठी आवृत्ती निघावी. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याच्या जोडीला कोकणातल्या जुन्या दफनभूमी आणि सिनेगॉगांच्या जतनाची तरतूद हवी. आणि दिमोना-अश्दोदच्या वृद्धांची मराठी आत्ताच ध्वनिमुद्रित व्हावी, कारण त्यांची नातवंडे हिब्रूत बोलतात आणि हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.