प्रबोधिनीच्या आधीची दोन वर्षं
(रेडिओवरील भाषण)



शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत मोल्डिंगवर नाहीतर फेटलिंगला राबणारा बाप पोराच्या शिक्षणाविषयी बोलायला लागला, की फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतो. 'सर, पोरगं मिलिटरीत ऑफिसर व्हतो म्हणतंय. खर्च किती येतोय?' इंजिनिअरिंगला किती पडतात, मेडिकलला किती, हे त्यानं चहाच्या गाड्यावर ऐकलेलं असतं. ऑफिसरकीला त्याहून जास्तच लागत असणार, असा त्याचा हिशेब. खरं उत्तर सांगितलं की तो आपल्याकडे संशयानं बघतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे आपल्या तोंडच्या एनडीएत, तीन वर्षांचं शिक्षण फुकट आहे. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, औषधपाणी, सगळं सरकारी खर्चानं. बाहेर पडताना हातात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी. भूदलात जायचं तर पुढचं वर्ष डेहराडूनला, आणि तिथं तर विद्यावेतन सुरू होतं, सातव्या वेतन आयोगानुसार महिना ५६,१०० रुपये.

फुकट म्हटलं तरी बापाच्या खिशाला थोडी झळ लागते. सुरुवातीला काही हजारांची अनामत भरावी लागते, आणि मुलाचा हातखर्च घरानं द्यायचा असतो, साधारण महिना तीन हजारांपर्यंत. तेवढंही जमत नसेल तर सरकार मदत करतं. एनडीएच्या प्रवेशपरीक्षेच्या जाहिरातीत ही तरतूद छापलेली असते, पण ती अगदी शेवटच्या पानांवर, आणि तिथवर कोण वाचतो? पालकाचं उत्पन्न महिना २१,००० रुपयांच्या आत असेल तर अर्ज करता येतो, असं गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत आहे. अर्ज खडकवासल्याला थेट धाडायचा नसतो. निवड पक्की झाली की लगेच जिल्हाधिकाऱ्यांमार्फत द्यायचा, ते शिफारस करून प्रबोधिनीच्या प्रमुखांकडे पाठवतात. कंत्राटी कामगाराचं घर या मर्यादेत सहज बसतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती उशिरा कळली की घरात वाद होतात: मुलानं मध्येच स्वतःच्या मर्जीनं सोडलं, तर झालेला खर्च पालकाला परत करावा लागतो. तसं प्रवेशावेळी लिहून घेतात.

त्याच शेवटच्या पानांवर काही जुन्या शिष्यवृत्त्याही आहेत. मला त्या वाचायला फार आवडतात. एक आहे परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या नावाची, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कॅडेटसाठी. रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त पाचशे रुपये. दुसरी कर्नल केंडल फ्रँक यांच्या स्मरणार्थ, माजी सैनिकाच्या मराठा मुलासाठी, वर्षाला ३६० रुपये. म्हणजे महिन्याला तीस. ज्या काळी या रकमा ठरल्या, त्या काळी तीस रुपयांत पोराचा महिना निघत असेल. आज पाचशे रुपयांत पळायच्या बुटाचा एक पाय येत नाही. शिवाय पटवर्धनांची शिष्यवृत्ती घेतली की सरकारची दुसरी मदत बंद, असा नियम. आणि हे परशुरामभाऊ कोण? तासगावचे पटवर्धन सरदार. १७९९ साली पट्टणकुडीच्या लढाईत ते पडले, आणि समोर फौज होती कोल्हापूरकरांची! त्यांच्या नावानं कोल्हापूरच्याच एखाद्या पोराला हातखर्च मिळावा, हा इतिहासाचा मोठेपणा म्हणायचा. रक्कम तेवढी कुणीतरी वाढवायला हवी.

पण श्रोतेहो, आमची पोरं एनडीएत कमी दिसतात ती या हातखर्चामुळे नव्हे. पुलाच्या शिरोलीपासून नागाव, मौजे वडगाव, हालोंडीपर्यंत पहाटे पाचला बाहेर पडून बघा. सर्व्हिस रोडच्या कडेनं पोरं पळत असतात. ती पळतात 'भरती'साठी. टेंबलाई टेकडीवरची मराठा लाइट इन्फंट्रीची प्रादेशिक सेनेची पलटण आपल्याला ठाऊक आहे, भरती मेळावे ठाऊक आहेत, शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी तर गावाच्या नावातच शिपाईपणा मिरवते. सोळाशे मीटर किती मिनिटांत मारायचं हे इथल्या शेंबड्या पोराला सांगता येतं. पण एनडीएच्या लेखी परीक्षेत ३०० गुण गणिताचे आणि ६०० सामान्य ज्ञानाचे, इंग्रजी धरून, हे सांगणारा माणूस गल्लीत नसतो. भूदलाच्या जागांसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण गणिताच्या पेपरातून सुटका नाही. आणि आमच्याकडे दहावीला गणितानं जेमतेम हात दिलेला मुलगा पहिल्यांदा गणितच सोडतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. ही संधी निसटते ती याच तीन वर्षांत, आणि बहुतेकदा पोराच्या लक्षातही येत नाही.

का निसटते? अकरावीत गेलेला मुलगा सुट्टीत फौंड्रीच्या कोअर शॉपला हेल्पर म्हणून लागतो. चार पैसे घरात येतात. जून उजाडतो, आणि सुट्टीतलं काम सुट्टीपुरतं राहत नाही. क्लासची फी, इंग्रजी बोलायची सवय, रात्री अभ्यासाला एक शांत खोली, आणि दोन वर्षं पोराच्या कमाईवाचून घर चालवायची ताकद. ऑफिसरकीचा खरा खर्च हा आहे. तो खडकवासल्याच्या फाटकाच्या अलीकडे येतो. आणि आपल्या बहुतेक शिष्यवृत्त्या मात्र फाटकाच्या आत गेल्यावर मिळणाऱ्या.

ही गोष्ट आपल्या कोल्हापुरात एका माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी उमगली होती. राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली त्या इतिहासात अगदी सुरुवातीला एक नाव येतं, पांडुरंग चिमाजी पाटील. खेड्यातला मराठा मुलगा मॅट्रिक होऊन राजाराम कॉलेजात शिकायला आला, तेव्हा अशा मुलांनी राहायचं कुठं, जेवायचं कुठं, हा प्रश्न महाराजांपुढे उभा राहिला. १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. नंतर जैनांचं, मुसलमानांचं, लिंगायतांचं, अस्पृश्य मुलांचं, अशी एकामागून एक बोर्डिंगं झाली. महाराजांनी फी माफ केली असती आणि राहण्याजेवण्याचं बघितलं नसतं, तर कॉलेजचे वर्ग रिकामेच राहिले असते. तो पांडुरंग पाटील पुढे शेतीशास्त्रातला जाणता माणूस झाला, डॉ. पी. सी. पाटील.

त्यांचा मुलगा शंकरराव. १९०६ सालचा जन्म, कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचा. तेव्हा हिंदी मुलाला लष्करात राजाचं कमिशन हवं असेल तर विलायतेत सँडहर्स्टला जावं लागे. तिथं हिंदी मुलांना वर्षाला दहाच जागा, आणि खर्च घरचा. त्यामुळे त्या जागा बहुधा संस्थानिकांच्या, जहागीरदारांच्या, नाहीतर बड्या हुद्देदारांच्या घरी जात. शंकरराव तिथं गेले आणि १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले. हेच आपले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात. जानेवारी १९४५ मध्ये आराकानात कांगॉच्या लढाईत तीन हिंदी अधिकारी आपापल्या पलटणी घेऊन एका ब्रिगेडमध्ये लढले: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. कोरियातल्या युद्धकैद्यांचा तिढा सोडवायला १९५३ साली भारताचं जे दल गेलं, त्याचे प्रमुख थोरातच. पूर्व विभागाचे सेनापती असताना १९६० साली त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा सराव घेतला आणि चीन कसा उतरेल याचा नकाशा मांडून वरच्यांना सावध केलं. ऐकलं गेलं नाही. दोन वर्षांत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्तीनंतर ते कोल्हापुरातच राहिले, १९९२ साली गेले. बापाला बोर्डिंगात जेवण मिळालं म्हणून मुलगा जनरल झाला, असं सरळ गणित मी मांडणार नाही. कर्तबगारी ज्याची त्याचीच असते. पण बाप शिकला नसता, तर मुलाला सँडहर्स्टचा रस्ता कोणी दाखवला असता?

आता आजचे रस्ते सांगतो. साताऱ्याची सैनिकी शाळा, २३ जून १९६१ ला सुरू झालेली, देशातली पहिली. तिथली फी आता साध्या घराला पेलणारी नाही, पण उत्पन्न बघून शिष्यवृत्ती मिळते. अडचण वयाची. सहावीचा प्रवेश म्हणजे पोरगं दहा-अकरा वर्षांचं. त्या वयात त्याला क्रिकेटर व्हायचं असतं, आणि बापाला त्याचा गृहपाठही बघायला सवड नसते. त्याहून आमच्या लोकांना सोयीची संस्था दुसरी, छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था. लोक तिला एसपीआय म्हणतात. राज्य सरकारनं १९७७ साली काढली. दहावीनंतर परीक्षा आणि मुलाखतीतून मुलं घेतात, अकरावी-बारावी तिथंच करून घेतात आणि एनडीएची तयारीही. मोठा भार सरकार उचलतं. मघाशी म्हटलेली ती फाटकाअलीकडची दोन वर्षं इथं कुणीतरी सांभाळतं, म्हणून मी या संस्थेला फार मानतो. दहावीच्या वर्षातच जाहिरातीवर डोळा ठेवावा लागतो. दहावीच्या निकालाचे पेढे वाटून झाल्यावर चौकशी करणाऱ्याची वेळ गेलेली असते.

मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ पासून सुरू आहे. मुलींना एनडीएचं दार उघडलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानं. पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली, आणि ३० मे २०२५ ला सतरा मुली मुलांबरोबर संचलन करत बाहेर पडल्या. परीक्षेची फी मुलींना माफ आहे. आईबापांनो, एवढ्यासाठी तरी मुलीला फॉर्म भरू द्या.

मुलाखतीचा, म्हणजे एसएसबीचा, धसका आमच्या पोरांना पेपराहून जास्त. पाच दिवस तिथं माणूस पारखतात, आणि लेखी परीक्षेला जेवढे गुण तेवढेच, ९००, इथं असतात. लेखी पास झालेल्यांसाठी सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. राहणं, जेवण, शिकवणं विनामूल्य. चौकशी कोल्हापुरातच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. लोकांना वाटतं ते कार्यालय फक्त माजी सैनिकांच्या पेन्शनीचं, तसं नाही. एसएसबीला पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडंही मिळतं. खिशात तिकीट जपून ठेवा म्हणजे झालं.

कॉलेजात असलेल्यांना एनसीसी आहे. 'सी' प्रमाणपत्र असलेल्या पदवीधराला लेखी परीक्षेवाचून थेट एसएसबीला जाता येतं. अमेरिकेत याच्या पुढची रीत आहे. तिथं १९१६ च्या कायद्यानं कॉलेजांतून राखीव अधिकारी घडवायची योजना पक्की झाली, आणि १९६४ च्या कायद्यानं तिला भरघोस शिष्यवृत्त्यांची जोड मिळाली. मुलगा नेहमीच्या विद्यापीठात शिकतो, फी लष्कर भरतं, बदल्यात पदवीनंतर ठरावीक वर्षं नोकरी. आपल्या एनसीसीत परेड आहे, शिबिर आहे, नाश्त्याचे पैसे आहेत. कॉलेजची फी मात्र बापाचीच. शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात असा प्रयोग व्हावा असं मला वाटतं. पण ते दिल्लीच्या हातातलं. आणि भरती होऊन शिपाई झालेल्या पोराचीही वाट बंद नसते. नोकरीत राहून, पगार घेत, डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येतं. कमावता मुलगा घरातून जाऊ नये म्हणणाऱ्या घरांना ही वाट पटते. पण तिथंही शेवटी गणित आणि इंग्रजी आडवं येतंच.

म्हणून माझं गाऱ्हाणं शिरोलीतल्या कारखानदारांपुढे. कंपनी कायद्याप्रमाणे ज्याचा वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटींच्या घरात जातो, त्यानं सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. शिक्षण त्यात येतंच. आपण झाडं लावतो, शाळेला बाकं देतो, बाकांवर कंपनीचं नाव रंगवतो. चांगलंच आहे. 'स्मॅक'सारखी कारखानदारांची संघटना आपल्याकडे आहे. सगळ्यांनी मिळून एक खोलीवजा अभ्यासिका काढली, गणिताचा आणि इंग्रजीचा एकेक खमका मास्तर पगारावर ठेवला, आणि निवडक दहा-बारा मुलामुलींच्या घरी दोन वर्षं दरमहा हेल्परच्या पगाराच्या निम्मी रक्कम पोचवली, तर ते पोर सुट्टीनंतर कोअर शॉपमध्ये अडकणार नाही. निवड करताना नातंगोतं, आपला-परका बघू नका. बापाची पगारस्लिप आणि पोराची गणिताची वही बघा. मुलगा एनडीएत नाही लागला तरी चालेल, गणित पक्कं झालेला मुलगा तुमच्याच डिझाइन खात्यात कामाला येईल. वर्ग मात्र शिफ्टच्या वेळा बघून लावा. पहिली पाळी सुटली की संध्याकाळी, दुसरीवाल्यांच्या पोरांना सकाळी. कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कोण आहे, यावर आमची पोरं वर्गात येणार की नाही ते ठरतं.