तळाची वाटणी



अध्यक्षाने व्यापक विषयावर बोलावं अशी प्रथा आहे. मी मात्र आज दोनच आवाजांवर बोलणार आहे: किक आणि बेसलाइन. मिक्सिंगसाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक गाण्यांचं घोडं इथेच अडलेलं असतं. फाइल पाठवताना निर्माते सांगतात, "तळाचं तेवढं मिक्समध्ये बघून घ्या." माझं ठाम मत असं आहे, की तळाचं मिक्समध्ये बघायचं नसतं. तळ कुणी धरायचा, किती वेळ धरायचा आणि कधी सोडायचा, हा रचनेचा प्रश्न आहे आणि तो संगीतकारानेच सोडवायला हवा.

किक आणि बेस या दोघांचाही मुख्य जोर साधारण ४० ते १०० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात असतो. तिथल्या लहरी लांब आणि संथ असतात. दोन सारख्या लहरी नेमक्या जुळून आल्या, तर पातळी ६ डेसिबलने वाढते. उलट्या आल्या, तर एकमेकींना खाऊन टाकतात. मग एकाच गाण्यात एक ठोका छातीत बसतो आणि पुढचा पोकळ वाजतो. अशा वेळी इक्वलायझर फिरवून उपयोग नाही. जे उरलंच नाही, ते वाढवणार कुठून?

तळ रचनेतच वाटून घेण्याचं सगळ्यात कडक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून गोवा ट्रान्स घडलं आणि पुढे त्यातून सायट्रान्स निघालं. या संगीतात ठोक्याचे चार भाग करतात. पहिल्यावर किक आणि उरलेल्या तिन्हींवर बेस. वेग मिनिटाला १४५ ठोके धरला, तर एक भाग जेमतेम १०३ मिलिसेकंदांचा होतो. ५० हर्ट्झची एक लहर पूर्ण व्हायला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे किकला आपलं सगळं म्हणणं पाच लहरींत मांडून बाजूला व्हावं लागतं. तिची शेपूट थोडी जरी लांबली, तरी ती पहिल्या बेसच्या अंगावर पडते आणि तिघांपैकी तो एकटाच वेगळा ऐकू येतो. म्हणून हे निर्माते बेसच्या प्रत्येक स्वराचा ऑसिलेटर दर वेळी एकाच बिंदूपासून सुरू करतात. पडद्यावर झूम करून किकची शेवटची लहर शून्यावर कुठे येते ते बघतात आणि बेस तिथूनच उचलतात. यात कॉम्प्रेसरचं काम जवळपास उरतच नाही. वेळेची वाटणी आधी झालेली असते, आणि एवढ्या वेगातही प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. मला हे काम पहिल्या प्रतीच्या कारागिरीचं वाटतं. त्याला नुसता 'पार्टीचा धिंगाणा' म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्या लहरी जवळून पाहाव्यात.

दुसरं उदाहरण मुंबईचं आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. हाताशी रोलँडची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. याच ३०३ वर उभी राहिलेली शिकागोची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी यायला त्यानंतर पाच वर्षं जावी लागली. चरणजितजींची तबकडी तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले. आपण ती आपल्या कामासाठी ऐकायला हवी. ठोका सरळ डिस्कोचा, आणि त्याच्याबरोबर ३०३ ची पळती बेसलाइन. ३०३ चा रेझोनन्स वाढवला की कान तिच्या वरच्या, चिरकणाऱ्या टोकाकडे जातो आणि तळ किकला मोकळा मिळतो. उलट ८०८ च्या किकचा डीके, म्हणजे विरण्याचा काळ, लांबवला, तर ती स्वतःच बेस होते. हिप-हॉपमध्ये पुढे तेच झालं. म्हणजे वाद्य निवडलं तेव्हाच अर्धं मिक्सिंग होऊन गेलेलं असतं.

साइडचेनबद्दल थोडक्यात. किक वाजली की बेस दबायचा आणि मग वर यायचा, हे तंत्र उत्तम आहे. फ्रेंच हाउसमध्ये तर हा श्वास हाच संगीताचा भाग झाला. पण तो गाण्याच्या वेगाशी बांधलेला आणि मनापासून हवा असलेला परिणाम आहे. दोन चुकीचे आवाज निवडून झाल्यावर भांडण मिटवायला साइडचेन लावलं, तर बेस नुसता धापा टाकतो.

आणि आता आपल्या खोल्यांकडे वळतो, कारण हा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. मुंबई-पुण्यात आपल्यातले कितीतरी जण घरातल्याच दहा बाय अकराच्या खोलीत काम करतात. ११ फूट लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद ५१-५२ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे नेमका किकच्या गाभ्यात. त्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात, तर तो जवळपास ऐकूच येत नाही. पाठ भिंतीला टेकलीत, तर भलताच मोठा वाटतो. त्यात रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज बारीक ठेवलेला. बारीक आवाजात कानाला तळ कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं आहे. मग अशा खोलीत काम करणारा मुलगा बेस वाढवत जातो आणि मोठ्या सिस्टिमवर गाणं चिखल होऊन बसतं. या मुलांचे कान वाईट नाहीत. त्यांना खोलीबद्दल कुणी शिकवलेलंच नसतं, आणि त्याची जबाबदारी आपल्या पिढीवर येते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एक ठोस सूचना मांडतो. साउंडचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांनी पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर देऊ नयेत. त्याला एक किक, एक बेस आणि मोनो स्पीकर द्यावा. स्वर बदल, लांबी काप, डीके आखूड कर, फेज उलटून ऐक आणि जिथे तळ भरीव वाटेल तिथे थांब, एवढंच सांगावं. जोडीला खोलीचं मोजमाप त्याच्याकडून करून घ्यावं. त्यासाठी एक मापन-मायक्रोफोन आणि लॅपटॉप पुरतो. ही सूचना ठराव म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात यावी, अशी मी कार्यकारिणीला विनंती करतो. संस्थाचालक सभागृहात आहेत. त्यांच्या अडचणी मला उद्याच्या अधिवेशनातच ऐकायच्या आहेत.