नोंद नसलेली तालीम



 संगीत शिक्षकांच्या या अधिवेशनापुढे एक ठराव येणार आहे आणि अध्यक्ष म्हणून मला बोलायचं आहे ते त्याबद्दलच. आपल्या संघटनेच्या घटनेप्रमाणे सभासद व्हायला 'विशारद' किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा उत्तीर्ण असावं लागतं. ही अट काढावी, असं ठराव म्हणतो. त्याला विरोध करणारी पत्रं माझ्याकडे आली आहेत. ज्यांनी रीतसर शिक्षण घेतलं नाही, देवानं दिलेल्या गळ्यावर जे गातात, त्यांना गायक म्हणा हवं तर, पण संगीतज्ञ कसं म्हणायचं, असं पत्रलेखक विचारतात. ही माणसं माझ्या आदरातली आहेत. त्यांना उडवून लावणारं उत्तर मी देणार नाही.

रीतसर म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करू. 5 मे 1901 रोजी पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्र ही घडी त्यांनी बसवली, आणि आज आपण सगळे तिच्यावर उभे आहोत. मध्यमवर्गीय घरातली मुलगी तंबोरा घेऊन उजळ माथ्यानं गायला बसू शकली, हे त्यांचे आणि त्यांच्या शिष्यांचे उपकार. पण अल्लादिया खाँसाहेबांकडे प्रमाणपत्र नव्हतं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची थोरवी कुठल्या परीक्षेनं ठरवली नाही. यावर पत्रलेखक लगेच म्हणतील, "पण त्यांना तालीम होती!" बरोबर. म्हणजे आपण दोघं मिळून प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि तालमीपाशी आलो. आता तालीम कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, एवढंच पाहायचं राहिलं.

गोंधळ्याच्या घरातलं पोर आधी दिवटी धरून उभं राहतं. मग हातात तुणतुणं येतं. त्याची एकच तार, पण ती नायकाच्या सुराला लावायची आणि रात्रभर उतरू द्यायची नाही. त्यानंतर झील धरायची: नायकानं टाकलेली ओळ त्याच उंचीवर झेलून परत द्यायची. कथा सांगायला उभं राहण्याची पाळी येईपर्यंत पोराचा जवान झालेला असतो. चुकलं की बाप सगळ्यांदेखत डोळे वटारतो. याला तालीम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? हिची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही, एवढाच काय तो फरक.

यमुनाबाई वाईकरांचं उदाहरण घ्या. कोल्हाटी समाजातल्या घरात जन्म, लावणीही घरातच शिकल्या. बैठकीच्या लावणीत गाणारी एका जागी बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. एकदा रुसव्यानं, एकदा विनवणीनं, एकदा टोमणा मारून. दर वेळी शब्द तेच असतात, पण सुरांची वळणं बदलतात, एखादा स्वर लांबतो, सम येईपर्यंत ओळ ताणून धरली जाते. ठुमरीच्या बोलबनावात आपण ज्याला वाहवा देतो, तेच हे काम. संगीत नाटक अकादमीनं त्यांना 1977 मध्ये पुरस्कार दिला, 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या घटनेप्रमाणे मात्र त्यांना सभासद होता आलं नसतं. हे मला लाजिरवाणं वाटतं.

तरीही प्रश्न पुरता सुटत नाही. घरात गाणं असलेलं प्रत्येक पोर गवई होत नाही आणि वर्गात बसलेला प्रत्येक विद्यार्थीही होत नाही. मग ओळखायचं कशावरून? माझ्या मते स्वतःची चूक स्वतःच्या कानाला कळणं आणि गाता गाता ती सावरता येणं, ही खूण. बाकी सगळं त्यानंतर.

परीक्षक म्हणून मी पुष्कळ केंद्रांवर बसलो आहे. एका विद्यार्थ्याला भूप विचारला. वादी गांधार, संवादी धैवत, आरोह-अवरोह, गानसमय, सगळी उत्तरं तोंडपाठ. आलापही नीट बसवलेला होता. मध्येच तंबोऱ्याची पंचमाची तार उतरली. चांगलीच उतरली. तो गात राहिला. चेहऱ्यावर काही नाही, हात खुंटीकडे गेला नाही. मी थांबवून विचारलं, "काही वेगळं ऐकू येतंय का?" तो गोंधळला आणि त्यानं मला रागाची पकड म्हणून दाखवली. त्या मुलाचा दोष नव्हता. आम्ही त्याला उत्तरं द्यायला शिकवलं होतं, ऐकायला शिकवायचं राहून गेलं होतं.

याउलट सातारा जिल्ह्यातल्या एका गावी हरिनाम सप्ताहात पाहिलेलं सांगतो. समोरासमोर टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मधे विणेकरी, कडेला पखवाज. एक तरुण गायक अभंग म्हणत होता, चाल भीमपलासीच्या अंगाची. दुसऱ्या चरणात भरात येऊन त्याचा कोमल गांधार चढू लागला आणि मागची सगळी मंडळी बिचकत बिचकत गाऊ लागली. रांगेच्या टोकाला एक वृद्ध शेतकरी टाळ घेऊन उभे होते. त्यांनी पुढचं धृपद इतरांच्या क्षणभर आधी आणि जरा मोठ्यानं उचललं, गांधार अगदी जागच्या जागी. भजनी ठेक्याच्या एका आवर्तनात, म्हणजे आठ मात्रांत, सगळी दिंडी सुरावर आली. तरुणाच्याही लक्षात आलं. नंतर मी त्या आजोबांना विचारलं, नेमकं काय झालं होतं? ते म्हणाले, "पोरानं चाल वर ओढली. मागच्यांना धृपद धरवंना." गांधार हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्यांना तो ठाऊक नसावा. पण तो स्वर कुठे राहतो, हे त्यांना माझ्या त्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी पक्कं ठाऊक होतं.

इथे शास्त्राचा मुद्दा निघतो. नाव सांगता येत नाही ते ज्ञान कसलं, असं म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांनी पं. विष्णु नारायण भातखंडे आठवावेत. पेशानं वकील असलेला हा माणूस गावोगावच्या घराणेदार गवयांकडे गेला, त्यांच्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेचे 6 भाग आपल्या हाती दिले. उस्तादांना शास्त्र येत नाही, अशी त्यांची तक्रार असे, आणि ती त्यांनी लपवली नाही. पण ज्यांच्याकडून चिजा आल्या, त्यांच्यातल्या कित्येकांना आपण गातो त्या रागाचा थाट सांगता आला नसता, कारण दहा थाटांची ही मांडणी मुळात भातखंड्यांचीच. शास्त्र त्या गळ्यांतून निघालं आणि कागदावर नंतर आलं. आज त्या उस्तादांना आपल्या लेखी परीक्षेला बसवलं असतं तर ते नापास झाले असते, आणि उत्तरपत्रिका मात्र त्यांच्याच गाण्यावरून तपासल्या गेल्या असत्या.

कुमार गंधर्वांनी तर ही वाट उलट्या बाजूनं चालून दाखवली. प्रा. बी. आर. देवधरांसारख्या गुरूकडे शिकलेला, लहानपणीच देशभर गाजलेला गायक 1948 मध्ये क्षयानं खंगून देवासला आला. गाणं बंद होतं. त्या काळात त्यांच्या कानावर माळव्याच्या लोकांची गाणी पडत राहिली. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुना त्यांनी गोळा केल्या, त्यांचा अभ्यास केला, आणि राग हे अशाच धुनांतून उगवले असले पाहिजेत, या निष्कर्षाला ते आले. त्यांचे धुनउगम राग त्या अभ्यासाचं फळ. मैफलीत आपण त्या रागांना दाद देतो. ज्यांच्या तोंडून त्या धुना आल्या, त्या बायकांना मात्र आपण 'अशिक्षित गळे' म्हणतो. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं कशा म्हणता येतील, हे मला कळत नाही.

मुंबईच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओतही रीतसर शिकलेले आणि न शिकलेले एकत्र काम करत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे वादक आणि संयोजक तिथे होते. त्यांच्यापुढे कागद असे, त्यावर प्रत्येक व्हायोलिनची जागा लिहिलेली. त्याच स्टुडिओंमध्ये मायक्रोफोनपुढे किशोर कुमार उभे राहत, ज्यांनी शास्त्रीय गाण्याचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. गाणं उभं राहायला दोघंही लागत. तिथे कुणी कुणाचं प्रमाणपत्र मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता विरोधकांच्या बाजूचं जे खरं आहे, ते मला ठासून सांगायचं आहे. आपल्या शिक्षणातून जे मिळतं ते थोडंथोडकं नाही. तमाशाच्या फडात बाई उघड्यावर, ढोलकीच्या वर आवाज काढून रात्ररात्र गाते आणि ऐन उमेदीत तिचा घसा जातो. आवाज कसा लावावा, श्वास कुठून घ्यावा, कोणती पट्टी आपली नाही, हे तिला कुणी वेळेवर शिकवलं असतं तर तिची आणखी वर्षं गाण्यात गेली असती. आपल्या परंपरेबाहेरचं गाणं समजून घ्यायची वाटही शिक्षणानं मोकळी होते. आणि शिकवण्याची भाषा मिळते: टाळकरी आजोबांना 'चाल वर ओढली' एवढंच सांगता आलं, तुम्ही-मी कारण आणि उपाय दोन्ही सांगू शकतो. म्हणून कुणीही कसंही गावं, सगळे सारखेच, असं मी म्हणत नाही. तयार ट्रॅक लावून मूळ गायकाची हुबेहूब नक्कल करणारा, आणि ट्रॅक बंद पडला की सूर हरवणारा माणूस मला संगीतज्ञ वाटत नाही, मग त्याच्याकडे अलंकारची पदवी का असेना.

निवड करणाऱ्यांची जबाबदारी इथेच वाढते. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीनं कलाकारांच्या चाचण्या सुरू केल्या, श्रीकृष्ण रातंजनकरांसारखा विद्वान परीक्षक मंडळावर बसला, आणि तरीही घराणेदार कलावंतांनी जोरदार विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्याची पारख कुणी करायची, हा त्यांचा सवाल होता. चाचणी नसावी असं मला वाटत नाही. पण गोंधळ्याची पारख करायची तर मंडळावर एक गोंधळी हवा, भजनाची करायची तर एखादा जुना टाळकरी हवा. ठरावाच्या दुसऱ्या कलमात हेच आहे. परीक्षेची अट जाईल, तिच्या जागी ऐकून निवड होईल, आणि ऐकणाऱ्यांत त्या त्या परंपरेतली माणसं असतील.

तिसरं कलम नावांचं आहे, आणि ते माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात गाणारीचं नाव आहे, तिचं गाव आहे. मुळशीकडच्या एका आजींकडे मी ओव्या ऐकायला गेलो होतो. नुसत्या बसून त्यांना गाता येईना. सुनेला समोर बसवून दोघींनी एका खुंट्याला हात घातला, जातं फिरलं, आणि ओवी आपोआप त्या फेऱ्यावर चढली. घास टाकायला हात सुटला की तिथेच ओळीत श्वास. लयीचं इतकं नेमकं भान मी मोठमोठ्या मैफलींतही क्वचित ऐकलं आहे. हेच गाणं शहरातल्या रंगमंचावर येतं तेव्हा निवेदक वाद्यवृंदाची नावं सांगतो, प्रकाशयोजना कुणाची ते सांगतो, आणि गाण्याला म्हणतो 'पारंपरिक'. आपल्या कोणत्याही कार्यक्रमात, ध्वनिमुद्रणात किंवा पुस्तकात यापुढे ज्या तोंडून गाणं घेतलं त्या व्यक्तीचं आणि गावाचं नाव, तिच्या संमतीनं, सांगितलं जावं. मानधन द्यायचं तर ते व्यासपीठावरच्या इतर कलाकारांइतकंच द्यावं.

शेवटचं कलम आपल्या वर्गांबद्दल आहे. मध्यमेच्या विद्यार्थ्यानं एक महिना आपल्या गावच्या भजनी मंडळात, शाहिराच्या पथकात किंवा गोंधळ्यांबरोबर झील धरून काढावा, आणि त्याचे गुण त्या मंडळींनीच द्यावेत. यावर सर्वांत जास्त हरकती आल्या आहेत. गुणदान कसं करायचं, कागदपत्रं कोण पाहणार, मुलींना रात्रीच्या कार्यक्रमांना कसं पाठवायचं, असे प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न गंभीर आहे आणि त्यासाठी दिवसाच्या भजनाचा पर्याय कलमात घातला आहे. उरलेल्या प्रश्नांवर उद्या सकाळच्या खुल्या सत्रात बोलू. हरकत घेणाऱ्यांना आधी वेळ मिळेल, अशी सूचना मी कार्यवाहांना दिली आहे. सातारा आणि परभणीहून आलेली दोन भजनी मंडळं आणि एक गोंधळी पथक आज संध्याकाळी इथेच गाणार आहेत. मतदानाआधी सर्व प्रतिनिधींनी ते पूर्ण ऐकावं, अशी माझी विनंती आहे.