पोटातलं पाणी आणि रक्ताचा रिपोर्ट

हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

एका ताईंनी विचारलंय, "माझा सीए-१२५ वाढलाय. घरात रडारड सुरू आहे. हा कॅन्सरच का?" ताई, आधी डोळे पुसा. नुसत्या या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. पण रिपोर्ट कपाटातही ठेवू नका.

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी अंडाशयं असतात. तिथली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पाण्याच्या साध्या गाठी पुष्कळदा आपोआप जिरतात. कर्करोगाची गाठ वेगळी वागते. मोहरीएवढी असते तोवर आजूबाजूला झिरपणाऱ्या पोषणावर तिचं भागतं. पुढे वाढायला तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात. हा विचार अमेरिकेतले सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला. गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते, आणि शेजारच्या रक्तवाहिनीला तिच्याकडे जाणारे नवे फाटे फुटतात. कुणी पाट फोडून पाणी आपल्या वाफ्यात वळवावं, तसंच हे.

या नव्या वाहिन्या कच्च्या असतात, झिरपतात. पोटात पाणी साठण्याचं हे एक मोठं कारण. मग पोट फुगतं, दोन घासांतच भरल्यासारखं वाटतं, ओटीपोट दुखतं, सारखी लघवीला लागते. आपण म्हणतो, "गॅस झालाय," आणि ओवा चावत बसतो. हातपाय वाळतात, पोट तेवढं वाढतं. महिने निघून जातात.

सीए-१२५ हेही एक प्रथिन. रक्तात ते साधारण ३५ पर्यंत चालतं. पण पाळीत, गरोदरपणात, गर्भपिशवीच्या साध्या गाठींत, पोटाच्या टीबीतही ते वाढतं. टीबीत पोटात पाणीही होतं, आणि टीबी औषधांनी बरा होतो. उलट, अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला असताना जवळपास निम्म्या बायकांत हा आकडा वाढलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांवर बायकांचा अभ्यास झाला. तक्रार नसताना दरवर्षी तपासण्या करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असं २०२१ साली समोर आलं. म्हणून हा आकडा सोनोग्राफी आणि डॉक्टरांच्या तपासणीबरोबरच वाचायचा. उपचार सुरू झाल्यावर मात्र गाठ हटतेय का, हे पाहायला तो फार कामाचा.

कर्करोग निघालाच, तर ऑपरेशन आणि केमो हे मुख्य उपचार. काहींना बेव्हॅसिझुमॅब देतात. ते व्हीईजीएफला अडवतं, म्हणजे गाठीकडे जाणारं पाणीच तोडतं.

तेव्हा बायांनो, पोटाची अशी नवी तक्रार रोजच्या रोज दोन-तीन आठवडे राहिली, तर दवाखाना गाठा. पाळी गेलेली असेल तर अजिबात थांबू नका. "किती दिवसांपासून पोट फुगतंय, जेवण किती जातं," हे स्पष्ट सांगा. सोनोग्राफी करायची का, विचारा. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांगा. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली म्हणजे अंडाशय तपासलं, असं होत नाही.

ताई, तुम्ही रिपोर्ट घेऊन उद्याच निघा. आणि गटातली एखादी मैत्रीण सोबत न्या.